अवजारांच्या ओळीत काष्ठतरंग

लग्नात रुखवत मांडतात ते सासरकडच्या बायकांना नाकं मुरडायला काहीतरी असावं म्हणून, असं कुणी म्हटलं तर त्यात फारसं खोटं नाही. दीपमालाच्या रुखवतानं तर त्यांची चांगलीच सोय केली होती. साल त्र्याण्णव. नांदगावच्या मांडवात मण्यांची तोरणं, लोकरीची बाहुली, साखरेचं तुळशीवृंदावन असं सगळं रीतसर मांडलेलं होतं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध पाटावर एक लाकडी पेटी. पेटीवर दोरीत ओवलेल्या काळसर पट्ट्या, डावीकडं लांब आणि उजवीकडं आखूड होत गेलेल्या. नाशिकहून आलेल्या वऱ्हाडातल्या बायका तिच्याभोवती जमल्या. एकीला ती कुरडया वाळवायची चौकट वाटली. दुसरी म्हणाली, कोंबड्यांच्या खुराड्याची शिडी असेल. नवऱ्यामुलाच्या आई, कलाबाई, यांनी मात्र एका पट्टीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि शेजारच्या ताटातला अनारसा उचलला.

ते काष्ठतरंग होतं. इंग्रजी शाळेतली मुलं ज्याला झायलोफोन म्हणतात, त्याचं हे आपल्याकडचं भावंड. दीपमालाचे वडील वाल्मीकसर नांदगावच्या एका शाळेत सुतारकाम शिकवायचे. मुलांना रंधा धरायला शिकवता शिकवता त्यांचा कान लाकडाला लागला. कुठलाही तुकडा हातात आला की आधी तो वाजवून बघायचा आणि मग त्याचा पाट करायचा की स्टूल, ते ठरवायचं, अशी त्यांची रीत होती. एकदा कुणाच्या तरी घरातला जुना शिसवी पलंग मोडीत निघाला. त्याची माची यांनी वाजवून बघितली आणि तिथंच मांडी घालून बसले. त्या माचीचं त्यांनी काष्ठतरंग केलं, आणि ते करायला त्यांना लेकीचं सगळं बालपण लागलं.

या कामात लहानग्या दीपमालाकडं एकच काम असायचं, रांगोळी भुरभुरायचं. तासून झालेली पट्टी दोन सुतळ्यांवर ठेवायची, तिच्यावर पांढरी रांगोळी पसरायची आणि काडीनं हळूहळू ठोकत राहायचं. रांगोळीचे कण थरथरत सरकायचे आणि दोन्ही टोकांपासून थोडं आत, दोन जागी, रेघ धरून गोळा व्हायचे. पट्टी सगळीकडं थरथरते, पण त्या दोन जागी स्वस्थ असते. "तिला जिथं हात लावलेला चालतो तिथंच भोक पाडायचं. दुसरीकडं धरलं की ती गप्प बसते," असं वाल्मीकसर सांगायचे. पोटाकडून तासलं की सूर उतरतो, टोकाकडून तासलं की चढतो. पण तासलेलं लाकूड काही परत चिकटत नाही, म्हणून आधी पोटभर ऐकायचं आणि मगच कानस उचलायची, हेही त्यांचंच. इतक्या धीरानं केलेली वस्तू त्यांनी मुलीला दिली. सोन्यानाण्याचं जे काय व्हायचं ते झालंच, पण मुलीच्या पाठवणीला सर रडले ते ती पेटी टेंपोत चढवताना.

सासर नाशिकजवळ मखमलाबादला, जेजुरकरांच्या फुलांच्या मळ्यात. झेंडू, शेवंती, गुलाब आणि कडेनं थोडी मेथी-कोथिंबीर. फुलवाल्याच्या घरात फुलं सोडून दुसऱ्या कशाचीही वाट बघितली जात नाही. उजाडायच्या आत तोडणी, मग नवरा जीवन आणि सासरे पुंजाराम टोपल्या घेऊन गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारात, आणि घरातल्या बायका दुपारी हारांना. दीपमालानं हे सगळं महिन्याभरात उचललं. गुलाबाचे काटे, शेवंतीच्या चिकानं काळे पडलेले हात, सुईनं टोचलेली बोटं, यातलं तिनं काहीसुद्धा माहेरी सांगितलं नाही. पण दुपारची भांडी झाली की ती फुलांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायची, गोणपाटावर पेटी ठेवायची, आणि टोकाला रबरी गोळे बसवलेल्या दोन काड्या घेऊन वाजवायला बसायची. रोज. बोटाला चिंधी गुंडाळलेली असली तरी रोज.

"झालं सुरू लाकूड बडवणं!" कलाबाईंचा आवाज घरातून यायचा. "अगं, त्यापरीस जरा आडवी पड. रातच्याला पाठ दुखली म्हंजे मला सांगू नको."

"नाही सांगणार, आत्या," दीपमाला म्हणायची आणि वाजवत राहायची.

हा तिचा स्वभाव. ती भांडली नाही, रुसली नाही, नवऱ्याला मध्ये घालून आईशी बोलायला लावलं नाही, आणि एक दिवसही खाडा केला नाही. हट्ट करावा तर असा, की समोरच्याला तो हट्ट आहे हेच कळू नये. कलाबाईंनी बोलून बघितलं, टोमणे मारून बघितलं, पाहुण्यांपुढं कपाळाला हात लावून बघितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी आपली हार करायची जागाच बदलली. आधी त्या ओसरीवर बसायच्या, त्या शेडच्या दाराशी येऊन बसायला लागल्या. ओसरीवर ऊन येतं म्हणे. दीपमालाला वाटलं, आता तर डोक्यावरच येऊन बसल्या.

लग्नाला तीन वर्षं झाली आणि वाल्मीकसर गेले. तोवर तिला मुलगी झाली होती, साई. वडिलांच्या दिवसांनंतर परत आली तेव्हा कलाबाईंनी पेटी नेहमीच्या जागी नाही हे बघितलं. दीपमालानंच ती माळ्यावर टाकली होती. आठवडाभर शेडमध्ये शुकशुकाट होता. मग एका दुपारी पेटी खाली आलेली दिसली, आणि कुणी उतरवली ते कुणी बोललं नाही. जीवन त्या दिवशी बाजारात होता. दीपमालानं मनाशी धरलं की सासऱ्यांनी उतरवली असणार, आणि तिनं पुन्हा काड्या हातात घेतल्या.

दोन हजार एक साली, श्रावणात, गंगापूर रोडवरच्या सुधाताई पूजेची फुलं सांगायला मळ्यात आल्या. त्या एका बँकेत नोकरीला होत्या, आणि त्यांच्या कॉलनीत दर दिवाळीत सकाळी गाण्याचा कार्यक्रम व्हायचा, त्या मंडळाचं सगळं यांच्याच अंगावर असायचं. फुलांचं बोलणं राहिलं बाजूला. शेडमधून जे ऐकू येत होतं तिकडं त्या चपला हातात घेऊन चालत गेल्या, आणि धून संपेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

"हे तुम्ही कुठं वाजवता?" त्यांनी विचारलं.

"इथंच," दीपमाला म्हणाली.

"तसं नव्हे, कार्यक्रमात कुठं?"

दीपमालानं नकारार्थी मान हलवली. सुधाताईंनी तिथल्या तिथं तिला दिवाळी पहाटेचं बोलावणं दिलं. जीवन आईकडं बघायला लागला. कलाबाई दाराशी झेंडू ओवत होत्या. त्यांनी सुईवरची नजर काढली नाही. "आधी दसरा तर पार पडू द्या," एवढंच म्हणाल्या. दीपमालानं त्याचा अर्थ हो असा घेतला. तिला तेवढा पुरेसा होता.

त्या दिवसापासून ती वाऱ्यावर चालत होती. आपलं वाजवणं चार माणसांनी, मुद्दाम बसून, ऐकावं ही इच्छा तिनं इतकी वर्षं कुणापुढं काढली नव्हती, अगदी जीवनपुढंसुद्धा नाही. आता ती इच्छाच दारात आली होती. वाजवायची कुठली धून हेही तिचं लगेच ठरलं. वडिलांची सगळ्यात आवडती, मध्यमावर रेंगाळत निषादावर चढणारी, फार अवघड नाही पण फार गोड. त्या दोन सुरांवाचून त्या धुनेत जीवच नव्हता.

आणि मग आली खंडेनवमी.

ज्याच्या घरी फुलं पिकतात त्याला दसऱ्याचे दोन दिवस सणाचे नसतात, लढाईचे असतात. सगळ्या नाशिकला एकाच दिवशी झेंडू हवा असतो. नवमीच्या पहाटे पुंजाराम, जीवन आणि दीपमाला असे तिघेही टेंपो भरून बाजारात गेले आणि साई जीवनच्या बहिणीकडं. घरी कलाबाई एकट्या. त्यांच्यावर काम एकच, पण ते मोठं: अवजारांची पूजा. वर्षभर ज्यांच्यावर घर चालतं ती सगळी अवजारं त्या दिवशी घासूनपुसून ओळीनं मांडायची आणि त्यांना हात जोडायचे. कलाबाईंना घासण्याची हौस तर एवढी, की शेजारच्या बायका म्हणायच्या, ही देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचं नाक झिजवणार.

दिवेलागणीला तिघं परतले. अंगणात सारवलेल्या जागेवर ओळ मांडलेली होती. कोयते, विळे, खुरपी, फवारणीचा पंप, तराजू, हारांच्या सुया एका वाटीत. सगळं लखलखत होतं. आणि त्या ओळीत, पंप आणि तराजूच्या मध्ये, धुतलेल्या पाटावर काष्ठतरंगाच्या पट्ट्या होत्या. दोरीतून सोडवलेल्या, एकेक सुटी, प्रत्येकीवर हळदीकुंकवाचं बोट आणि प्रत्येकीवर एक झेंडू.

"या, या! पाया पडून घ्या," कलाबाई म्हणाल्या. त्या फार खुशीत होत्या. "दीपे, तुझ्या लाकडाला कसला राप चढला होता गं! सकाळपासनं घमेल्यात भिजत घातली, काथ्यानं घासली, अन् दुपारच्याला पत्र्यावर वाळत टाकली. बघ आता कशी निघालीत."

जीवनच्या तोंडून "अगं आई" एवढं बाहेर पडलं. दीपमालानं त्याच्या मनगटाला धरलं.

तिला कळलं होतं. काय झालं ते पट्ट्यांकडं बघताक्षणीच कळलं होतं. वडिलांनी कधी ओल्या फडक्यानंही न पुसलेलं लाकूड दिवसभर पाण्यात, आणि मग ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर. एका पट्टीला टोकापासून मधोमध केसासारखी रेघ गेलेली तिला उभ्या उभ्या दिसत होती. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट तिला दिसत होती, आणि ती तिला जास्त लागली. आठ वर्षं दर नवमीला तिनं ही ओळ बघितली होती. दर वर्षी पंप असायचा, तराजू असायचा, एका वर्षी तर पुंजारामांची सायकलसुद्धा होती. पेटी कधी नव्हती. यंदा सासूनं ती स्वतःच्या हातानं या घराच्या अवजारांत बसवली होती. रागवायचं कुणावर? दीपमाला खाली बसली, प्रत्येक पट्टीला हात लावून तो हात तिनं डोळ्यांना लावला, आणि म्हणाली, "छान निघाल्यात, आत्या."

खोटं बोलायला धीर लागतो, आणि खरा धीर असेल तर ते खोटं वाटतही नाही. त्या बाईचं मला याचसाठी कौतुक वाटतं.

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आणि दुसऱ्या दुपारी तिनं पट्ट्या ओवून काडी मारली. पाण्यानं फुगलेल्या लाकडाला सूर कुठला! ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा आवाज. तिनं खालून वर सगळ्या पट्ट्या एकदा वाजवल्या आणि काड्या मांडीवर ठेवल्या.

"हे आज असं का बोलतंय?" दाराशी हार करत बसलेल्या कलाबाईंनी विचारलं.

"कसं, आत्या?"

"असं, बसलेल्या घशाचं. अन् ती मधली, जिच्यावर तू थांबतीस ना, ती जराशी वर असती. आज पार खाली पडली."

दीपमाला त्यांच्याकडं बघतच राहिली. मध्यम किती उतरला हे शेजारच्या सुरावरून लावून बघायच्या आधी तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. "तुम्हाला कसं कळलं?" तिनं विचारलं.

"कसं म्हंजे? आठ वरसं झाली. वाजायला लागलं की कान काय खुंटीला टांगून ठिवू?" कलाबाई फणकारल्या. मग त्यांचा हात सुईवर थांबला. त्यांनी पट्ट्यांकडं बघितलं, अंगणातल्या घमेल्याकडं बघितलं, आणि पत्र्याकडं. "पाण्यानं झालं, व्हय?"

"हवा दमट आहे ना आत्या, होतं असं."

"दसरा झाल्यावर दमट?" कलाबाईंनी हार खाली ठेवला. "मला येडी समजू नको. माझ्या धुण्यानं झालंय. अन् ते तुझ्या बापाच्या हातचं हाय."

त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. आपल्याकडच्या सासवांना ती मागता येत नाही, आणि त्यांनी मागितली असती तर दीपमालाच आधी रडली असती. त्या उठल्या, शेडमध्ये आल्या, आणि काय करायचं असतं ते सांग म्हणाल्या. दीपमालानं सांगितलं, लाकूड हळूहळू वाळलं पाहिजे. ऊन नको, विस्तव नको, वारंही नको. कलाबाईंनी तिला थेट बाजरीच्या कोठीपाशी नेलं. कोरडी खडखडीत बाजरी. ओलं बी, घामट नोटा, दमट झालेली काडेपेटी, या घरात जे जे ओल धरायचं ते बाजरीत पुरायची कलाबाईंची जुनी पद्धत होती. सगळ्या पट्ट्या बाजरीत गेल्या. त्या दिवसांत कलाबाई सकाळ-संध्याकाळ कोठीत कोपरापर्यंत हात घालून बाजरी खालीवर करायच्या, आणि भाकरीसाठी पीठ शेजारणीकडून उसनं आणायच्या. घरातल्या बाजरीला हात लावायचा नाही असा हुकूम होता. पुंजाराम म्हणाले, धान्याची कोठी हाय की दवाखाना? त्यांना त्या दिवशी भाकरी जरा करपलेलीच मिळाली.

दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी पट्ट्या बाहेर काढल्या. दीपमालानं एकेक सुतळीवर ठेवून वाजवली. कलाबाई समोर उकिडव्या बसल्या होत्या. पहिली बोलली. दुसरी बोलली. काही थोड्या उतरल्या होत्या, त्यांची टोकं तिनं कानशीनं अगदी जपून, वडील सांगायचे तसं ऐकत ऐकत, घासली, आणि त्याही जागेवर आल्या. फक्त दोन आल्या नाहीत. चीर गेलेला मध्यम आणि वरचा निषाद. मध्यम फुटक्या मडक्यासारखा वाजत होता आणि निषाद मुळी बोलतच नव्हता. शिसव आणून नव्या करायच्या तर लाकूड मुरायलाच वर्षं जातात, आणि घडवणारा हात तर आता नव्हताच.

"मी सुधाताईंना निरोप देऊन येतो," जीवन म्हणाला. "हंगाम आहे, जमणार नाही म्हणून सांगतो. त्यांना राग नाही यायचा."

कलाबाई उठून आत गेल्या. दारातून जाताना त्यांनी आपले दोन्ही हात लुगड्याला पुसले, उगाचच, कारण हाताला काही लागलेलं नव्हतं. ते दीपमालानं बघितलं.

तिला स्वतःच्या कार्यक्रमाचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. इतक्या वर्षांनी आलेलं बोलावणं परत गेलं की पुन्हा येत नाही, हे तिला कळत होतं. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आपण आता नाही म्हटलं, तर या बाईच्या मनात हे कायमचं बसेल. पुढच्या नवमीला त्या पेटीला हात लावणार नाहीत; ओळ मांडतील, पण लांबूनच म्हणतील, तुझं तूच बघ बाई. आठ वर्षांनी जे एकदा घडलं होतं ते पुन्हा कधी घडणार नाही. ती धून गेली तर गेली, हे जाऊ द्यायला मात्र दीपमाला तयार नव्हती.

"निरोप नको," ती म्हणाली. "मी वाजवणार आहे."

दोन पट्ट्यांच्या जागा तिनं तशाच मोकळ्या ठेवल्या. आणि वडिलांनी तिला सगळ्यात आधी, अगदी लहानपणी, शिकवलेला राग काढला, ज्यात मध्यम आणि निषाद लागतच नाहीत. सा, रे, ग, प, ध, एवढ्यावर सगळा संसार. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या हातांना वर्षानुवर्षं गंधारावरून मध्यमावर जायची सवय, ते हात ऐकतात थोडेच! काडी पुन्हा पुन्हा त्या मोकळ्या जागेत जायची आणि खालच्या पेटीवर ठक्क करून आपटायची. फुलं तोडताना, पीठ मळताना तिची बोटं हवेत ती जागा ओलांडायचा सराव करायची. साईनं एकदा विचारलं, आई, तू डास मारतेस का?

पाडव्याच्या सकाळी कॉलनीच्या मैदानात सतरंज्या घातल्या होत्या. आकाशकंदील अजून पेटलेले होते आणि मंचाला शेवंतीच्या माळा होत्या, जेजुरकरांच्याच मळ्यातल्या. त्या कलाबाईंनी स्वतः बांधून घेतल्या होत्या आणि मग पहिल्या ओळीत, पैठणी नेसलेल्या बायकांच्या मध्ये, नवं लुगडं नेसून ताठ बसल्या होत्या. दोन गाणी झाली आणि सुधाताईंनी दीपमालाचं नाव पुकारलं.

तबल्याला कॉलनीतलेच ढुंढिराजकाका होते, पौरोहित्य करणारे, गमत्या माणूस. त्यांनी वाकून पेटी बघितली. "याचे पुढचे दोन दात पडलेले दिसतात हो," ते हळूच म्हणाले.

"दुधाचे होते, काका," दीपमाला म्हणाली. "येतील परत."

काका हसले आणि त्यांनी ठेका धरला. तिनं सुरुवात अगदी सावकाश केली. सकाळच्या गार हवेत शिसवीचा आवाज पसरला, गोड पण कोरडा, पाण्याचा थेंब नसलेला. लोक चहाचे कप खाली ठेवून ऐकायला लागले. मोकळ्या जागेपाशी आली की ती काडी हवेत किंचित थांबवायची आणि उडी मारून पंचमावर उतरायची, आणि त्या थांबण्यालाच एक डौल आला. लय वाढली. ती आता मान खाली घालून, ओठ मिटून वाजवत होती. आणि ऐन भरात हातानं दगा दिला. काडी मध्यमाच्या मोकळ्या जागेत गेली आणि पेटीवर ठक्क वाजलं.

एखादी असती तर थांबली असती. हिनं पुढच्या आवर्तनात त्याच जागी, बरोब्बर मात्रेवर, पुन्हा ठक्क केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा ढुंढिराजकाकांनी ओळखलं आणि त्या ठोक्याला तबल्यानं जबाब दिला. मग तर काय, सवालजवाबच सुरू झाला. सतरंजीवरची पोरं टाळ्यांनी ठेका धरायला लागली. जिथं सूर नव्हता तीच जागा बघता बघता सगळ्यांत लाडकी झाली, आणि तिथं काडी पडली की अख्खं मैदान हसायचं. संपलं तेव्हा टाळ्या बराच वेळ चालल्या होत्या.

दीपमाला घामानं भिजली होती. ती नमस्कार करून पेटी घेऊन मंचाच्या कडेला उतरली आणि पहिल्या ओळीच्या बाजूलाच, गवतावर बसून, पट्ट्या सोडवायला लागली. कलाबाईंच्या शेजारची बाई त्यांच्याकडं वळून म्हणत होती, "मावशी, तुमची सून का ही? किती सुंदर वाजवलं हो! आम्ही असं कधी ऐकलंच नव्हतं."

दीपमालाचे हात थांबले. आता काय ऐकायला मिळणार, लाकूड बडवणं की आणखी काही?

"हे काय ऐकलं तुम्ही!" कलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मळ्यातला, चार ओळी मागं जाईल असा. "यात दोन पट्ट्या नव्हत्या. माझ्याच हातानं गेल्या त्या, खंडेनवमीला धुवून. त्या असत्या म्हंजे कळलं असतं तुम्हाला. घरी यापरीस लय भारी वाजवती ती. मी रोज ऐकते."

मागच्या ओळीतल्या बायका पुढं वाकून विचारायला लागल्या, आणि कलाबाई पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या, घमेल्यासकट, पत्र्यासकट. आपली चूक माणसं चार भिंतींत कबूल करायला तयार होत नाहीत. ही बाई ती भर मैदानात, मान वर करून, सुनेच्या कौतुकासाठी वाटत सुटली होती.

दीपमालाला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पदर खोचलेला, हातात दोरी, डोळे पुसायलाही हात मोकळा नाही. थेंब मांडीवरच्या पट्ट्यांवर पडायला लागले.

कलाबाईंचं बोलणं मध्येच तुटलं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तिच्यापाशी आल्या, आणि मांडीवरच्या पट्ट्या त्यांनी भराभरा आपल्या ओच्यात ओढून घेतल्या.

"रडायचं तर तिकडं तोंड करून रड," त्या म्हणाल्या. "लाकडाला पाणी लागंल."